जहाजाचा सुपूर्दनामा

अमरावतीच्या एका लॉ कॉलेजात मी गेली कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. त्यातला मानवी हक्कांचा भाग माझ्या खास आवडीचा, असं मी एके काळी सांगत असे. आता कोणी विचारलं तर विषय बदलते. वर्गात मात्र बदलता येत नाही, अभ्यासक्रम ठरलेला आहे. दर हिवाळ्यात तो तास येतो, ज्यात सांगायचं असतं की कोणत्याही माणसाला कोणताही देश सोडून जाण्याचा आणि स्वतःच्या देशात परत येण्याचा हक्क आहे. सोपं वाक्य आहे. परीक्षेला हमखास येतं म्हणून मुलं पटकन उतरवून घेतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि मला माझा भाचा दिसतो. एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर तो एकटा बसलेला आहे. त्याच्यावर गुन्हा नाही, खटला नाही, हातात बेडी नाही. त्याच्यावर विश्वास टाकलेला आहे, एवढंच.

हे कसं झालं ते सांगायचं तर समुद्रापासून सुरुवात करून भागणार नाही. आमच्या घरात समुद्र कोणी धड पाहिलेलाही नव्हता. सुरुवात करावी लागेल अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दादाच्या टालापासून.

टाल म्हणजे लाकडाची वखार. मोर्णा नदी ओलांडून गेलं की गल्लीच्या टोकाला माझ्या थोरल्या भावाचा टाल आहे. इमारतीचं लाकूड, बल्ल्या, फळ्या, आणि लग्नसराईत आचाऱ्यांना लागणारं जळण. गॅसच्या शेगड्या आल्या तसा जळणाचा धंदा बसला, पण जागा मोठी, भोवती पक्की भिंत, पुढे लोखंडी फाटक आणि मधोमध कडुलिंब. पोलिसांना एवढंच हवं असतं. ठाण्याच्या आवारात जप्तीच्या वस्तू ठेवायला जागा कधीच नसते. उन्हापावसात सगळं सडतं. तेव्हा अशी वस्तू निकाल लागेपर्यंत एखाद्या भल्या माणसाच्या ताब्यात देतात आणि त्याच्याकडून लिहून घेतात की मागाल तेव्हा, आहे तशी हजर करीन. या लिहून देण्याला सुपूर्दनामा म्हणतात. त्याचा मोबदला मिळत नाही. उलट पदरचं जातं. पण ज्याच्या नावावर सुपूर्दनामा होतो त्याला गल्लीत मान असतो, आणि दादाइतका मानाचा भुकेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चहा पाजला नाही तरी चालेल, पण "टालवाल्या भाऊकडं ठेवा, तिथं चिंता नाही" असं कोणी म्हटलं की त्याची छाती दोन बोटं फुगायची.

त्याच्या टालात कडुलिंबाखाली एक ऑटो असे, एक बंडी म्हणजे बैलगाडी, कोणाच्या तरी वरातीतल्या मारामारीत जप्त झालेला बँडवाल्याचा ढोल, आणि एक म्हैस. म्हशीची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. चोरांसकट पकडलेली म्हैस. मालक दोन निघाले, दोघेही म्हणाले माझी. खटला चालला. म्हैस दादाकडे आली तेव्हा गाभण होती, ती इथेच व्याली, मग पुन्हा व्याली, आणि दर वेळी दादा कोर्टात अर्ज देऊन यायचा की मुद्देमालात एका रेडकाची वाढ झाली आहे. न्यायाधीशसाहेबसुद्धा हसायचे म्हणे. दादाची हर्नियाची शस्त्रक्रिया माझ्याकडे अमरावतीला झाली तेव्हा तेवढ्या काळापुरतं शेजारच्या तेलघाणीवाल्याचं नाव कोर्टातून लावून घेतलं. दादा उठून बसता झाल्यावर पुन्हा स्वतःचं नाव लावून मगच त्याला झोप लागली.

दादाचा मुलगा, माझा भाचा, त्या म्हशीच्या पाठीवर बसून मोठा झाला. तिला धुवायचं काम त्याचं. दादा त्याला सांगायचा, "आपली असती त एखादे दिवशी नाही धुतली त चालते. ही दुसऱ्याची हाये." पोरानं ते मनावर घेतलं. आपण लेकरांना हजार गोष्टी सांगतो, त्यातली नेमकी कोणती त्यांच्या हाडात शिरेल ते सांगता येत नाही.

अकोल्याच्या पोराला जहाजाची नोकरी काहून सुचली हे मला अजून कळलेलं नाही. डिप्लोमा केला, मग कुठला तरी कोर्स, आणि एक दिवस तो मालवाहू जहाजाच्या इंजिनात जाऊन बसला. मी काळजी केली तर म्हणाला, "आत्या, इंजिन इथून तिथून सारखंच. फक्त खाली पानी असते." पाचसहा वर्षं बरी गेली. सुट्टीत यायचा, टालात लाकडावर बसून चिवडा खायचा, सगळ्या जगाची बंदरं सांगायचा आणि दादा मधेच विचारायचा, "पन तिथं लाकूड कसं मिळते?"

शेवटचं जहाज जुनं होतं. मालक एका देशातला, जहाजावरचा झेंडा दुसऱ्या देशाचा, माणसं तिसऱ्या-चौथ्या देशातली, आणि उभं राहिलं ते पाचव्याच देशाच्या बंदराबाहेर. ज्यानं तेल पुरवलं त्याचे पैसे मालकानं बुडवले, म्हणून त्यानं तिथल्या कोर्टातून जहाज जप्त करवलं. मालकानं फोन उचलणं बंद केलं. कप्तान आधीच आजारी पडून घरी गेलेला. उरलेल्यांत मोठा हुद्दा आमच्या भाच्याचा. एक दिवस कोर्टाचा माणूस लाँचमधून आला आणि म्हणाला, जहाज कोणाच्या तरी ताब्यात द्यावं लागेल, एकानं सही करा. कागद तिथल्या भाषेत. बाकीचे मागे सरकले. भाच्यानं दादाला फोन लावला.

तो फोन मी ऐकलेला नाही. भाऊबीजेला मी अकोल्याला गेले तेव्हा दादानंच मला तो शब्द न् शब्द सांगितला, ओवाळून घेता घेता, कपाळावर कुंकू ओलं असताना. पोरगा म्हणाला, जप्त जहाज ताब्यात घेतलं म्हणून लिहून मागून राहिले. दादा म्हणाला, म्हंजे सुपूर्दनामाच न? कर सही. आपल्या घरात काय नवीन हाये काय ते?

"एवढं मोठं जहाज," दादा मला म्हणाला. "परक्या मुलखातल्या कोर्टानं आपल्या पोराच्या भरवशावर सोडलं. इतके जन होते तिथं. त्याइले हाच दिसला."

गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. माझ्या हातातलं निरांजन मी खाली ठेवलं.  मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"निकाल लागेपर्यंत," दादा म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला, कारण निकाल लागेपर्यंत म्हणजे किती ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? म्हशीचं दुसरं रेडकू दुधाला आलं तेव्हा पहिली साक्ष झाली होती.

पुढे झालं ते असं. सोडून दिलेल्या खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, चांगला करार आहे, मी तो शिकवते. त्याप्रमाणे विमा कंपनीनं तिकिटं काढली. एकेक करून सगळे घरी गेले. आमच्या भाच्याचंही तिकीट आलं होतं. पण त्याचा पासपोर्ट कोर्टात, आणि कोर्टाचं म्हणणं, हा माणूस गेला तर जहाज कोणाचं? लिलाव होईल तेव्हा सुटेल. लिलाव पुकारला जायचा, त्या गंजक्या जहाजाला बोली लावायला कोणी यायचं नाही, आणि नवी तारीख पडायची. त्याचं तिकीट वाया गेलं.

मग मी पत्रं लिहायला घेतली. आमच्या भागात सांगतात की कौंडण्यपूरच्या रुक्मिणीनं एकच पत्र लिहिलं आणि श्रीकृष्ण रथ घेऊन थेट आमच्या अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत आला. माझी पत्रं तिच्यापेक्षा लांब होती, तळटीपांसकट होती, आणि इंग्रजीही बरं होतं. दिल्लीनं कळवलं की आमचा दूतावास संपर्कात आहे. दूतावासानं कळवलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. झेंडा ज्या देशाचा, तिथून उत्तर आलं की मालकाशी बोला. मालकाच्या देशातून आलं की झेंड्याशी बोला. दादाला मी हे समजावून सांगायची तेव्हा तो मान हलवायचा. त्याला यात काही नवल वाटत नव्हतं. दोन ठाण्यांच्या शिवेवर ट्रक उलटला की दोन्हीकडचे जमादार टेप घेऊन मोजत बसतात आणि ड्रायव्हर तिथंच कण्हत असतो, हे त्यानं स्वतः पाहिलेलं. "आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, दादा, इथं आईबाप पाच आहेत.

शेवटचा दरवाजा जिनिव्हाचा होता. मनमानीनं डांबून ठेवलेल्या लोकांसाठी तिथं संयुक्त राष्ट्रांची एक यंत्रणा आहे. मी सगळं जोडून तक्रार पाठवली. मनातून मला खात्री होती. इतकी स्वच्छ केस मी वर्गातसुद्धा कधी बनवून सांगितली नव्हती. त्यांनी त्या बंदराच्या देशाला विचारलं, आणि त्या देशानं अतिशय सभ्य उत्तर दिलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणता येईल. सदर इसम कैदी नाही. तो जहाजाचा राखणदार आहे. त्याची नेमणूक त्याच्या संमतीनं, त्याच्या सहीनं झाली आहे. त्याला जहाजावर पूर्ण मोकळीक आहे.

मी खूप संतापले. कॉलेजात चहाच्या कपासकट टेबलावर हात आपटला, शेजारच्या सरांच्या पेपरांवर चहा सांडला. पण खरं सांगायचं तर त्या उत्तरात खोट काढायला मला जागा सापडेना. आमचा सगळा कायदा धरलेल्या माणसासाठी आहे. त्याला का धरलं, कोणी धरलं, वकील दिला का, मारलं का. ज्याला धरलेलंच नाही, ज्याच्या हाती उलट वस्तू सोपवली आहे, त्याच्यासाठी कोणता रकाना? अजून विचार चालू आहे, असं जिनिव्हाहून कळवतात. तो चालूच राहील.

तेवढ्यातच तो तास आला. देश सोडण्याचा हक्क. चांदूर बाजारहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी पुढच्या बाकावर बसते, तिला सगळं तिथल्या तिथं समजून हवं असतं. तिनं विचारलं, "मॅडम, मंग हा हक्क मिळवून देते कोन?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. संबंधित राज्य, मग समित्या, मग जागतिक जनमत. तिनं ते लिहून घेतलं आणि पेन गालाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा राग आला. घरी येऊन मी कांदा चिरता चिरता रडले, म्हणजे कांद्याचं निमित्त मिळालं.

जहाजावर त्याचे दिवस कसे जात ते तो फारसं सांगत नसे. मदत करणारी एक संस्था बोटीनं पाणी, तांदूळ, डिझेल पोचवायची. डिझेल जपून वापरायचं म्हणून जनरेटर दिवसातून थोडाच वेळ चालवायचा. तेवढ्यात फोन चार्ज. रेंज वरच्या डेकवर यायची. तिथं उन्हात उभा राहून तो बोलायचा आणि स्वतःबद्दल विचारलं की जहाजाबद्दल सांगायचा. नांगराची साखळी घासून राहिली. पंपात गळती हाये, कपडा बांधला. रात्री पांढरा दिवा लावतो, नाही त दुसरं जहाज येऊन धडकन. एकदा म्हणाला, "आत्या, आठ-आठ दिवस तोंडातून शब्द निघत नाही. काल इंजिनाशी बोललो. जशी म्हशीशी बोलायचो न, तसा." आणि हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

बाकीचे खलाशी जाताना त्याला सांगून गेले होते की संधी मिळाली तर पाण्याच्या बोटीतून किनाऱ्यावर उतर आणि दूतावास गाठ. मीही तेच म्हटलं. कायद्याची प्राध्यापक म्हणून नव्हे, आत्या म्हणून. तो म्हणाला, "अन् मांगं साखळी तुटली त? तिथं बाजूले मासेमारीच्या बोटी असतात. लेकरं असतात त्यात." 

वहिनींनी मोबाइलवर हवामान बघायला शिकून घेतलं होतं. अकोल्यात बेचाळीस तापमान, पंख्याखाली तांदूळ निवडत बसलेली बाई मान वर न करता सांगायची, "ताई, तिथं आज वारा चढून राहिला. दुपारून लाटा मोठ्या हायेत." तिनं आयुष्यात मोठं पाणी पाहिलं ते मोर्णेच्या पुराचं.

मग एके सकाळी दादा न कळवता अमरावतीला आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्टँप पेपर. अकोल्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून त्यानं लिहून आणलं होतं. मी वाचलं. खाली सही करणार हा टालाचा मालक असून आजवर त्याच्या ताब्यात दिलेली प्रत्येक वस्तू त्यानं कोर्टात हजर केली आहे. सबब मुलाचं नाव कमी करून त्याजागी माझं नाव लावावं. मी जहाज आहे तसं सांभाळीन. सोबत जुन्या सगळ्या आदेशांच्या नकला जोडल्या होत्या, चांगल्या वर्तणुकीचा दाखला म्हणून. ऑटोची, बंडीची, ढोलाची, आणि दोन्ही रेडकांसह म्हशीची.

"दादा," मी म्हटलं, "ते जहाज आहे. म्हैस नाही."

"मले माहीत हाये. म्हैस असती त चारा लागला असता."

"तिथं हे चालत नाही."

"कोर्ट कोर्टच असते. माह्या ऑपरेशनच्या टायमाले तेलीबुवाचं नाव लागलं होतं का नाही? मंग?" तो खुर्चीत बसला. पायऱ्या चढून आल्यानं त्याला दम लागला होता, हल्ली लवकर लागतो. "तू इतकं लिहिते, त हेही लिहून पाह्य. तुह्या भाषेत."

मी चिडले, पण केलं. ओळीनं ओळ इंग्रजीत उतरवलं, म्हशीसकट. खलाशांच्या संघटनेनं तिथं एक वकील दिला होता, त्याला पाठवलं आणि विसरून जायचं ठरवलं.

त्याचंच उत्तर आलं. एवढ्या सगळ्या पत्रांत 'हो' असलेलं ते एकटं. न्यायाधीशांनी कागद वाचला होता. राखणदार बदलायला कोर्टाची हरकत नाही. मात्र नवा राखणदार जातीनं हजर पाहिजे, आणि सध्याच्या राखणदाराची लेखी संमती पाहिजे.

वहिनींनी देवापुढे दिवा लावला. दादानं मिशीवरून हात फिरवला, बऱ्याच महिन्यांनी. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यात माझ्या भाच्याच्या हक्काबद्दल एक अक्षर नव्हतं. माणूस सुटत होता तो दुसरा माणूस त्या खुंट्याला बांधायचा म्हणून. आणि मला याचा आनंद झाला, क्षणभर का होईना, हे मला लपवता येत नाही. मी हिशेब केला की दादाचं आयुष्य बरंचसं झालेलं आहे. असला हिशेब माणूस आपल्या सख्ख्या भावाचा करतो.

दादाचा पासपोर्ट निघाला. पोलीस पडताळणीला तोच जमादार आला जो एरवी जप्तीच्या वस्तू घेऊन यायचा. चहा पिऊन म्हणाला, "भाऊ, तुमची काय पडताळणी कराची?"

दर रविवारी दुपारी भाच्याचा व्हिडिओ कॉल येई; पासपोर्ट आल्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम अकोल्यात होते. व्हिडिओ लागला. भाचा वरच्या डेकवर, डोक्याला फडकं बांधलेलं, गालफडं आत गेलेली, मागे पांढरं आभाळ. दादानं नवाकोरा पासपोर्ट उघडून मोबाइलसमोर धरला.

"हे पाह्य. म्या येऊन राहिलो. तू संमती लिहून दे."

 मग तो म्हणाला, "बाबा, इथं चढाले दोराची शिडी हाये. ती हालते. तुमाले नाही जमनार."

"जमन. म्या लाकडाच्या थप्प्या चढलो हावो."

"म्या नाही देत संमती."

"काहून?"

"तुमाले इथं ठेवून म्या घरी येऊन जेवू काय?"

दादाचा आवाज चढला. "म्याच तुले सही कर म्हनलो होतो. आता म्याच म्हनून राहिलो, सोड."

"पन सही माही हाये न, बाबा," तो म्हणाला. चिडून नाही. समजावून सांगावं तसं. "ताब्यातली वस्तू अशी कोनाच्या गळ्यात टाकून जाता येते काय? तुमीच सांगा."

 दादानं मोबाइल वहिनींकडे दिला. वहिनींनी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिनं मुलाला 'ये' म्हटलं असतं तर दादा तिकडे गेला असता. 'राहू दे' म्हटलं असतं तर पोरगा तिथंच राहिला असता. ती एवढंच म्हणाली, "आज वारा कमी हाये न तिथं?" मी तिथं होते, शिकलेली होते, आणि मीही त्या बाईला मदत केली नाही, कारण मला दोन्हीपैकी कोणतंच म्हणायचं धैर्य नव्हतं. पासपोर्ट दादानं कपाटात ठेवला.

त्यानंतर दादा गप्प झाला. टालात बसायचा, पण गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचा नाही. पोरगा ऐकत नाही याचा राग नव्हता त्याला. पोरगा नको तितकं ऐकत आला, हे त्याला खात होतं.

उन्हाळा पुढे सरकला. मी सुट्टीत अकोल्यातच होते. एका रविवारी सकाळी तो जमादार आला. मागे एक हातठेला ढकलत एक केळीवाला. कोणीतरी चोरीची तांब्याची तार त्या ठेल्यावरून नेताना पकडला गेला होता. तार जप्त झाली, तसा ठेलाही. केळीवाल्याचा दोष एवढाच की त्यानं ठेला भाड्यानं दिला. जमादारानं सवयीनं कागद पुढे केला. "भाऊ, एक सही."

दादानं कागद हातात घेतला नाही. "म्या नाही करत."

जमादाराला वाटलं थट्टा चालली आहे. "काहून?"

"आता नाही करत कोनतीच सही. तुमी पाहून घ्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादानं नाही म्हटलेलं मी ऐकलं. मला बरं वाटलं. वाटलं, चला, या घरातला एक तरी माणूस सुटला. जमादार डोकं खाजवत उभा राहिला, मग केळीवाल्याला म्हणाला, चाल मग, ठाण्यात लाव. केळीवाला हलला नाही. साठीचा असेल. तो दादाच्या पायाशी वाकला.

"भाऊ, तिथं नका जाऊ देऊ. तिथं सडून जाईन. चाकं काढून नेतात. तुमच्याकडं राहिला त निदान पाहाले त भेटन."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती, कायद्याचं.  त्यानं खिशातून चष्मा काढला, कागद एकदा नीट वाचला, जसा आजवर कधी वाचला नसेल, आणि सही केली.

दुपारी नेहमीच्या वेळी व्हिडिओ लागला. दादा टालातच खुर्ची टाकून बसला होता. भाचा आणखी काळवंडला होता. लिलावाची पुन्हा नवी तारीख पडली, असं त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं. साखळी ठीक आहे म्हणाला. मग बोलता बोलता थांबला आणि डोळे बारीक करून पडद्यात बघायला लागला.

"बाबा, मांगं काय हाये ते? ठेला?"

"काही नाही," दादा म्हणाला.

"सुपूर्द हाये?"

दादानं मागे वळून ठेल्याकडे पाहिलं.

"उन्हात हाये तो," समुद्रावरून माझा भाचा म्हणाला. "टायर तडकते, बाबा. सावलीत लावा."

दादानं फोन माझ्या हातात दिला. तो उठला, ठेल्याचा दांडा धरला आणि ठेला ढकलत कडुलिंबाखाली नेऊ लागला. त्याला दम लागत होता. मी फोन त्याच्याकडे धरून उभी होते, आणि ठेल्याचं शेवटचं चाक सावलीत जाईपर्यंत पोरगा पलीकडून बघत राहिला.